नऊ मार्कांचा पिक्चर

मागांच्या शेडमध्ये कोणाला कोणाचा आवाज ऐकू येत नाही. दोनशे माग एकदम चालू झाले की माणूस स्वतः बोंबलला तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाही. तिथे बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. नवी बाई कामावर आली की पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसते. मग हळूहळू तिला समोरच्याचे ओठ वाचता येऊ लागतात, आणि एकदा जमलं की ती जी सुटते ती निवृत्त होईपर्यंत थांबत नाही. या भिंतीजवळची बाई त्या भिंतीजवळच्या बाईला जावेचे प्रताप सांगते, मध्ये साठ माग धडधडत असतात, आणि एक शब्द खाली सांडत नाही. मुकादमाला शिव्या घालायच्या तर त्याने पाठ वळवायची तेवढी वाट बघायची.

मास्तरीण याच शेडमध्ये सव्वीस वर्षं चार माग सांभाळत होती. ती शिकवत वगैरे काही नव्हती. तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती. नाव पडलं ते मार्कांमुळे. दर रविवारी दुपारच्या खेळाला जायचं, एकटीने, आणि सोमवारी सकाळी अख्ख्या रांगेला बोटं दाखवून सांगायचं, दहापैकी किती. वाकवलेलं बोट म्हणजे अर्धा. मूठ म्हणजे भोपळा. हात सढळ नव्हता. सहा बोटं वर गेली की बायका समजायच्या, हा बघायलाच हवा. सात तिने सव्वीस वर्षांत दोनदा दिले, आणि दुसऱ्यांदा दिले त्याचा पुढे वर्षभर पश्चात्ताप केला.

बायका बघत, हसत, कामाला लागत. वाद घालणारा एकच होता. फिटर.

फिटर म्हणजे माग दुरुस्त करणारा. उंच, खांद्यात वाकलेला, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी सासरी. तो रविवारी संध्याकाळच्या खेळाला जायचा. सोमवारी पहिल्या चहाच्या आधी काहीतरी निमित्त काढून, हातात पाना घेऊन, मास्तरणीच्या तिसऱ्या मागापलीकडे येऊन उभा राहायचा. दोघांनी एकदम बोटं वर करायची, ही अट. आधी मार्क, मग कारण. नाहीतर माणूस समोरच्याचा आकडा बघतो आणि गुपचूप आपला बदलतो, आणि असल्या माणसांशी मास्तरणीचं जन्मात जमलं नव्हतं.

ओठांच्या बोलण्यात 'तुम्ही' परवडत नाही, म्हणून शेडमध्ये सगळेच अरे-तुरे. गेटबाहेर मात्र ती त्याला 'अहो फिटर' म्हणायची आणि तो तिला 'बाई' म्हणायचा, आणि गेटबाहेर त्यांचं बोलणं तेवढंच असायचं. अहो फिटर, निघाले. बरं बाई.

गेली पाच-सहा वर्षं फिटरच्या मार्कांचं तंत्र बिघडलं होतं. एका विनोदी पिक्चरला सगळं थिएटर खुर्चीवरून घसरलं होतं. त्याला त्याने दोन दिले.

"नुसती बसून बोलतात माणसं," त्याचे ओठ म्हणाले.

"मग काय झाडावर चढून बोलायचं?"

"काही करत नाहीत. बसतात, तोंड हलवतात, उठतात. दोन पण जास्त झाले."

आणि पुढच्याच आठवड्यात एका टुकार पिक्चरला त्याने आठ दिले. का, तर त्यात एक म्हातारी बराच वेळ सुईत दोरा ओवते.

"अरे, त्या वेळी ती सुनेचा उद्धार करत असते!"

"असेल. हात बघितलेस का तिचे?"

मास्तरीण चिडायची. घरी भांडी घासताना त्याला उत्तरं तयार करायची. मंगळवारी उत्तर द्यायची, बुधवारी त्याचं उलट उत्तर यायचं, शुक्रवारपर्यंत भांडण पुरायचं आणि शनिवारी नवा पिक्चर ठरायचा. आठवडा असा त्या एका भांडणाला लटकून निघायचा. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाच ते उशिरा कळलं.

दहा महिन्यांपूर्वी तिच्या पायांच्या शिरा फुगल्या, डॉक्टरने उभं राहायला बंदी केली, आणि कंपनीने तिला कापड-तपासणीत बसवलं. काचेची खोली. गोंगाट काचेच्या पलीकडे. टेबलाच्या पोटात दिवा, वरून कापड सरकत येतं, तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. खोलीत आणखी एक बाई होती, घडीवाली. तिचे हात कापडाच्या घड्या घालायचे आणि तोंड त्याहून दुप्पट चालायचं.

पहिल्या सोमवारी मास्तरणीने चहाचे दोन कप आणून ठेवले. दार उघडं ठेवलं. आता मध्ये माग नव्हता. आता माणसासारखं बसून, सावकाश, आवाज काढून बोलता येणार होतं. सव्वीस वर्षांचं साठलं होतं.

फिटर आला. काचेबाहेर उभा राहिला. पाच बोटं वर केली. तिने तीन. तो हसला, मान हलवली, आणि गेला.

दुसऱ्या सोमवारी तेच. पुढे प्रत्येक सोमवारी तेच. यायचा, बोटं दाखवायचा, काचेतून तोंडभर हसायचा, आणि उघड्या दाराकडे असा बघायचा की आत वाघ बांधलाय.

"बाई, तुमचा विद्यार्थी आत का येत नाही हो?" घडीवाली म्हणाली. "बाहेरच्या बाहेर हजेरी लावतो नुसता. परवा तर त्या खिडकीपाशी पाऊण तास एकच नट फिरवत होता. नट विरघळला असेल."

"त्याला कामं असतात," मास्तरीण कापडावरून मान न उचलता म्हणाली.

"असतात ना. मला पण असतात. तो चहा मी पिऊ का? गेले दहा महिने मीच पितेय, पण आपलं विचारलेलं बरं."

"पी आणि घड्या घाल."

मास्तरणीने याचा अर्थ लावला, तो असा: मध्ये माग होता तोवर त्याला भीती नव्हती. आता मध्ये काही नाही, म्हणून पाय आत पडत नाही. लांबून हसायला काय जातं? लांबून हसणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. आई सतरा वर्षं अंथरुणाला खिळून होती तेव्हा सगळे नातेवाईक दारातून हसून गेले. आई गेली तोवर मास्तरणीचं लग्न करायचं राहिलंय हे कोणाच्या ध्यानात उरलं नव्हतं, तिच्यासकट.

तरी ती सोमवारी दोन कप आणायची. मूर्खपणाला वय नसतं आणि तिने तरी का लाजावं.

त्यात कंपनीने कागद काढला. पन्नाशीपुढच्या विणकरांनी आणि तपासणीवाल्यांनी स्वखुशीने घरी जावं. हा 'स्वखुशीने' ज्याने कोणी लिहिला त्याला दोन दिवस चार मागांवर उभा केला पाहिजे, मग बघू खुशी कशी असते. सही करायची मुदत सोमवार संध्याकाळ. सही केली की क्वार्टरची किल्ली द्यायची. फिटरना कागद नव्हता. फिटर मिळत नाहीत, विणकर ढिगाने मिळतात.

दादाचा फोन रोज येऊ लागला. दादा तिचा थोरला भाऊ, दूरच्या शहरात, मोठ्या घरात.

"सही कर आणि निघून ये. एकटी काय करणार तिथे?"

"काम करणार."

"पायांकडे बघ आधी. इथे तुला स्वतंत्र खोली आहे. खिडकी आहे. आणि नातवालाही घरचं माणूस हवं ना कोणी."

मागून वहिनीचा आवाज आला. "त्यांना सांगा, सूनबाई पुढल्या महिन्यापासून कामावर जाणार आहे, त्याआधी आल्या तर बरं."

म्हणजे खोली स्वतंत्र आणि बाळाच्या पाळण्याला लागून. दादाचं प्रेम खोटं नव्हतं. त्या प्रेमाला एक वेळापत्रक होतं, एवढंच. मास्तरीण त्यांच्याकडे गेली असती तर उपाशी राहिली नसती, एकटी राहिली नसती, आणि महिन्याभरात तिला कोणी मास्तरीणही म्हटलं नसतं. आत्या म्हटलं असतं. आत्या, बाळ उठलं. आत्या, दूध उतू गेलं.

तिला जायचं नव्हतं. पण राहायचं कशासाठी हे तिला एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. 'राहा' एवढंच. इतका लहान शब्द, तो बोलायला काय जीव जातो का माणसाचा? काचेतून नको होता. बोटांनी नको होता. तोंडाने हवा होता. सोमवारच्या आत.

बुधवारी पाळी सुटायच्या आधी ती शेडमध्ये गेली. फिटर एका मागाच्या सांगाड्यावर तळहात टेकून, डोळे मिटून उभा होता. बिघाड शोधायची ही त्याची तऱ्हा. बाकीचे फिटर पान्याचं एक टोक सांगाड्याला आणि दुसरं कानाला लावत. हा नुसता हात ठेवायचा आणि कधी चुकायचा नाही. तिने त्याच्या बाहीला चिमटा काढला. त्याने डोळे उघडले.

"रविवारी माझ्याबरोबर चल," तिच्या ओठांनी सांगितलं. "दुपारचा खेळ."

"दोघं? एकत्र?"

"नाही, तू छपरावर बस."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. रांगेतल्या चार बायका एकदम आपापल्या धाग्यांत गुंतल्या. ओठ वाचता येणाऱ्यांच्या गावात गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी.

"मग सोमवारी मार्क कसे दाखवायचे? आधीच कळतील."

"बाहेर पडल्यावर सांगू. तिथल्या तिथे. तोंडाने."

'तोंडाने' म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तिने ते पाहिलं आणि मनातल्या मनात खडूने खूण केली. पण तो हो म्हणाला.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून, खेळाच्या अर्धा तास आधी थिएटरच्या पायऱ्यांवर उभा होता. तिने लांबूनच पाहिलं आणि चालताचालता पदर सारखा केला. एकावन्नाव्या वर्षी. तिने स्वतःला म्हटलं, गप्प बस.

पिक्चर नवा होता आणि मास्तरणीच्या मते पहिल्या दहा मिनिटांतच वाया गेला होता. एक बाई एकटी राहते. तिला रोज फोन येतो. फोनवरचा माणूस दिसत नाही, नुसता त्याचा आवाज. तू आज निळी साडी नेसली आहेस. तुझ्या मागे खिडकी उघडी आहे. मी सांगतो तसं केलं नाहीस तर तुझ्या नवऱ्याचं ते प्रकरण बाहेर येईल. बाई रडते, फोन ठेवते, परत उचलते. दिग्दर्शकाची समजूत अशी की आवाज मोठा केला की भीती मोठी होते. तेव्हा तो व्हिलन असा काही खर्जात घुमायचा की खुर्च्यांचे हात थरथरायचे. मास्तरणीने मनात चार मार्क दिले आणि पडद्याकडे बघणं सोडलं. ती फिटरकडे बघू लागली.

तो तल्लीन झाला होता. पडद्याचा उजेड तोंडावर, तोंड किंचित उघडं. मांडीवर मक्याच्या लाह्यांचा पुडा होता आणि त्याचा हात त्यात जायचा विसरला होता. सव्वीस वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ बसली नव्हती. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता, आणि साबणाच्या खालून, घासूनही न गेलेला, मागाच्या तेलाचा.

पडद्यावर बाई रडत होती, फोन बंद होता, थिएटर शांत होतं. मास्तरीण वाकली. त्याच्या कानापाशी तोंड नेलं. आठवडाभर घोटलेलं वाक्य तिने म्हटलं, आवाजात, स्पष्ट, आणि मुद्दाम शेडमधल्यासारखं अरे-तुरेत.

"सोमवारी सही करायची आहे. दादा बोलावतोय. तू राहा म्हणालास तर मी राहते."

फिटरने मान वळवली नाही. जरा हलला. मग पडद्यावरची नजर न काढता लाह्यांचा पुडा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

मास्तरणीने एक लाही घेतली. खाल्ली. दुसरं काय करणार? तिला वाटलं, हे उत्तर. याहून सभ्य उत्तर कोणी देऊ शकलं नसतं. पन्नाशीची बाई कानात 'राहू का' म्हणून विचारते आणि माणूस तिला खाऊ देतो. पुढचा तास तिने पडद्याकडे बघितलं आणि तिला काही दिसलं नाही. व्हिलनचं काय झालं, बाईचं काय झालं, तिला सांगता आलं नसतं. दादाकडे जाताना कुठल्या पेटीत काय भरायचं याचा ती विचार करत होती.

बाहेर ऊन उतरलं होतं. लोक डोळे चोळत पायऱ्या उतरत होते. दोघं बसच्या थांब्याकडे चालू लागले. तो अर्धं पाऊल पुढे, अंग तिच्याकडे वळवून, खेकड्यासारखा तिरका. तो नेहमीच असा चालतो का, हे तिला माहीत नव्हतं. ती त्याच्याबरोबर कधी चाललीच नव्हती.

"तर," तो म्हणाला. त्याचा आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा होता. "एक, दोन, तीन."

तिने चार बोटं काढली. अंगात काही नव्हतं पण मार्क म्हणजे मार्क. त्याने नऊ काढली.

"नऊ?" ती थांबली. दुःख गेलं बाजूला. "नऊ! कशाला?"

"ऐक. तुला तो कळला नाही. पहिलं म्हणजे त्यात व्हिलन नाही. नाहीतर प्रत्येक पिक्चरमध्ये एक मिशीवाला आणून उभा करतात. इथे कोणी तिचं वाईट करत नाही. कोणी नाहीच तिला. हेच दाखवलंय."

मास्तरणीने वर केलेली बोटं मिटली.

"व्हिलन नाही?"

"कुठे आहे?"

"मग फोनवर कोण बोलत होतं?"

"कोणी नाही!" फिटरचे डोळे चमकत होते. इतक्या आनंदात तिने त्याला पाहिलं नव्हतं. "कोणीच नाही, तेच तर. ती रोज फोन उचलते, कानाला लावते, वाट बघते. पलीकडे कोणी नाही. ठेवते आणि रडते. तरी दुसऱ्या दिवशी परत उचलते. साडी नेसते, केस विंचरते, आणि उचलते. म्हणजे कोणीतरी बोलेल, आज तरी बोलेल. सबंध पिक्चरभर ती एवढंच करते. मी म्हटलं, हा ज्याने काढला त्याला माहीत आहे. नऊ. एक मार्क कापला तो शेवटच्या मारामारीचा, ती उगाच घातली."

तो पुढे चालू लागला. मास्तरीण तिथेच राहिली. खुर्च्यांचे हात थरथरत होते. ते तिच्या हाताला अजून कळत होतं. तो खर्ज, तो घुमणारा, भसाडा, दीड तास न थांबलेला आवाज. सुईवाली म्हातारी. नुसती बसून बोलणारी माणसं. डोळे मिटून सांगाड्यावर ठेवलेला हात. खोलीचं उघडं दार.

ती त्याच्या पाठीमागून म्हणाली, "अहो फिटर. पाकीट पडलं तुमचं."

तो चालत होता.

"अहो फिटर!" आता ओरडून. "पाकीट पडलं!"

तो आठ पावलं गेला. मग बाजूला ती नाही हे दिसलं आणि वळला. तिचं तोंड पाहिलं. आणि त्याला कळलं की तिला कळलंय, कारण त्याच्या चेहऱ्यावरचे ते नऊच्या नऊ मार्क एकदम पुसले गेले.

"कधीपासून?" तिने विचारलं. आवाज काढला नाही. नुसते ओठ.

"उजवा सहा वर्षं झाली." तो आता हळू बोलत होता, म्हणजे त्याला हळू वाटेल तसं. "डावा तेव्हापासूनच मंद, गेल्या वर्षी पुरता गेला. तू शेड सोडलीस त्याच्या महिनाभर आधी. आता नुसती घरघर येते, पाण्याखाली बुडल्यासारखी."

"कोणाला माहीत आहे?"

"तुला."

सव्वीस-तीस वर्षं माणूस त्या धडधडाटात उभा करायचा आणि तो बहिरा झाला की त्याला निकामी म्हणून हाकलायचं, हा कंपनीचा न्याय. कानात घालायचे बोळे कंपनीकडे होते. तपासणीला साहेब यायचे त्या सकाळी वाटायचे आणि संध्याकाळी गोळा करून डब्यात परत. डबा अजून नवाच्या नवा आहे. आणि शेडमध्ये बहिरा माणूस ओळखायचा कसा? तिथे सगळेच बहिरे. फिटर तिथे लपून राहिला, मासा पाण्यात लपतो तसा. त्याला उघडं पाडलं असतं ते फक्त शांततेने.

"म्हणून आत येत नव्हतास," तिने म्हटलं.

"तिथे तू खाली बघून बोलतेस. कापडाकडे. तोंड दिसत नाही." त्याने तिच्याकडे बघणं टाळलं, मग टाळलं तर तिचं बोलणं कळणार नाही म्हणून परत बघितलं. "एकदा दारापर्यंत आलो होतो. तू खाली बघून काहीतरी म्हणालीस आणि ती घडीवाली हसली. मला कळेना, मी पण हसू की नको. म्हटलं, काचेबाहेर बरं. काचेबाहेर निदान तू माझ्याकडे बघतेस."

"दहा महिने मी चहा आणतेय, गाढवा!"

"काय म्हणालीस? सावकाश."

"गाढवा," तिने सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून म्हटलं.

"हां. ते कळलं."

दोघं थांब्याजवळच्या कठड्याला टेकले. तिने त्याला पिक्चर सांगितला, खरा. फोनवरचा माणूस, निळी साडी, नवऱ्याचं प्रकरण. शेडमधल्या ओठांनी, हातांनी. तो एकटक बघत होता. येणारे-जाणारे वळून बघत होते; एक बाई आवाज न काढता हातवारे करतेय आणि एक माणूस तिच्या तोंडावर नजर खिळवून उभा. सांगून झालं तेव्हा त्याने आपली नऊ बोटं परत एकदा उघडून पाहिली.

"म्हणजे कोणीतरी बोलत होतं तिच्याशी," तो म्हणाला. "खुर्ची थरथरायची तेव्हा मला वाटलं, नुसतं वाजवतायत काहीतरी."

"हो. शिव्या देत होतं."

"भिकार आहे मग. तुझे चार पण जास्त झाले." आणि मग, "मी पाहिला तो चांगला होता."

तिला तो बघायचा होता. फोन उचलणारी, पलीकडे कोणी नसलेली ती बाई तिला बघायची होती, त्याच्या डोळ्यांनी, त्या पाण्याखाली बसून. एकाच बाकावर शेजारी बसून दोघांनी दोन पिक्चर बघितले होते आणि चांगला त्याच्या वाट्याला गेला होता. आणि असे किती? सहा वर्षांचे रविवार.

"आत काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"कधी?"

"कानाशी आली होतीस. ऊब लागली. मला वाटलं लाह्या मागतेयस."

मास्तरीण हसली. मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही, आणि तिला पदर तोंडाला लावावा लागला. तोंड झाकल्यावर तो घाबरला.

"पदर काढ. मला दिसत नाही. काय झालं? बाई, पदर काढ."

तिने पदर काढला. अंधारात, कानात, त्याचा चेहरा न बघता म्हणणं सोपं होतं. आता ऊन होतं, थांब्यावर रांग होती, आणि वाक्य म्हणायचं तर त्याच्या डोळ्यांत बघूनच म्हणावं लागणार होतं. कारण आता त्याचे कान तिथे होते. ती भित्री नव्हती. मुकादमाला तिने तोंडावर सुनावलं होतं, डॉक्टरला सुनावलं होतं. पण या दोन ओळींसाठी तिने आधी कठडा धरला, आणि तो काही शिरांमुळे नाही.

तिने ओठ हलवले. आवाजाशिवाय. उद्या सही करायची आहे. दादा बोलावतोय. तू राहा म्हणालास तर मी राहते.

फिटरने पूर्ण वाचलं. शेवटच्या शब्दावर त्याची नजर तिच्या ओठांवरून हलली आणि डोळ्यांवर आली, आणि तिथे थांबली.

"कोणाबरोबर राहणार?" तो म्हणाला. "तुझं अर्धं बोलणं सांडेल माझ्याकडून. मागून हाक मारलीस तर कळणार नाही. दार वाजवलंस तर उघडणार नाही. आज आहे ते काम उद्या राहील न राहील."

"मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय?"

"तुझा आवाज मला माहीत नाही," तो म्हणाला. हे त्याने अशा सुरात म्हटलं की जणू तीच खरी अडचण होती. "ऐकला असेल. गेटवर, चहाच्या रांगेत. पण तेव्हा लक्षात ठेवायचा असतो हे कुठे माहीत होतं? वाटलं, आहेच की. आता कितीदा आठवतो. येत नाही. तुझं सगळं आठवतं, ओठ आठवतात, कुठल्या मार्काला कसं नाक मुरडलंस ते आठवतं. आवाजाच्या जागी मागांची धडधड येते."

मास्तरणीने हातातला पदर खाली सोडला.

"राहा," फिटर म्हणाला.

मग म्हणाला, "पण ते तू म्हणालीस ना, ते आवाजात म्हण."

"तुला ऐकू येणार नाही."

"मला नाही." त्याने थांब्यावरच्या रांगेकडे मान वळवली. पेपर धरलेला एक म्हातारा, कामावरून परतणारी नर्स, एकाच हेडफोनची दोन टोकं कानात घातलेल्या दोन मुली. "त्यांना येईल. कोणीतरी ऐकलेला असू दे."

तिने रांगेकडे पाहिलं. यातलं कोणीतरी शेडमधल्या कोणाच्या तरी ओळखीचं निघणार, उद्या सकाळी घडीवालीपर्यंत पोचणार, परवा दादापर्यंत. पोचू दे. तिने घसा साफ केला. सव्वीस वर्षं जो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता तो आवाज छातीतून ओढून काढला.

"तू राहा म्हणालास! मी राहणार!"

फिटर तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो रांगेकडे बघत होता. म्हाताऱ्याचा पेपर खाली आला, नर्सने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वळली, दोन्ही मुलींनी कानातली टोकं काढली, आणि तो एकेकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवून, कपाळाला आठ्या घालून, मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवल्यासारखा स्तब्ध उभा राहून, तिचा आवाज केवढा आहे ते शोधत होता.